एक चिंच, तीन निलगिरी, चौदा सुबाभळी आणि एक गुलमोहर : बुडखे काढण्याचे एक प्रकरण

जागा चौदा गुंठ्यांची. साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. वर हातभर तांबूस माती, खाली मुरूम. मालक पुण्यात नोकरीला. निवृत्तीआधी इथे छोटे घर बांधायचे आणि मागच्या बाजूला आंब्याची दहा-बारा कलमे लावायची, असा त्यांचा बेत. झाडे रीतसर तोडलेली होती. चिंच ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीतली असल्यामुळे तिची परवानगी आधी काढली होती. लाकूड वखारवाल्याने उचलले आणि जमिनीत एकोणीस बुडखे राहिले.

पहिली चूक इथेच झाली. लाकडाचा भाव वजनावर असतो, म्हणून तोडणाऱ्याने प्रत्येक झाड जमिनीसरशी कापले. बुडखा पुढे उपटायचा असेल तर खोड छातीइतके, चार-पाच फूट, ठेवून तोडायला सांगावे. ते खोड म्हणजे आयती तरफ. त्याच्या टोकाला साखळी बांधून ओढले की तेवढ्याच ताकदीत मुळांवर कितीतरी जास्त पीळ बसतो. जमिनीसरशी कापलेल्या बुडख्याला साखळी बांधायलाही जागा नसते. तोडीचा व्यवहार ठरवतानाच ही अट घालावी लागते, नंतर तिचा उपयोग नाही.

एप्रिलमधला फसलेला प्रयत्न

एप्रिलमध्ये एक जेसीबी पाच तास लावला. चिंचेच्या बुडख्याचा घेर साडेनऊ फूट, म्हणजे व्यास तीन फुटांचा. चालकाने एका अंगाने खड्डा काढला, मागचे बकेट बुडख्याखाली घालून उचलायला घेतले, तर साडेसात टनांचे यंत्रच मागून उचलले गेले. बुडखा जागचा हलला नाही. बकेटचा एक दात तुटला. मग वायर रोप गुंडाळून ओढून पाहिले. रोप बुडख्याच्या कडेवरून घसरला, दुसऱ्या खेपेला तुटला आणि त्याचे टोक केबिनच्या बाजूने सणकन गेले. कुणाला लागले नाही, पण रोपाच्या रेषेत माणूस उभा असता तर प्रसंग निराळा झाला असता. दिवसअखेर दोन सुबाभळी निघाल्या होत्या आणि बोअरची पाइपलाइन फुटली होती, कारण ती कुठून गेली आहे हे आधी चुन्याने आखलेच नव्हते.

हे का फसले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. यंत्र लहान होते हे खरे कारण नव्हे. बुडखा जमिनीत धरून ठेवतात त्या आडव्या मुळ्या, आणि त्या बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. सोटमूळ खोल जाते, पण चारही बाजूंच्या दोरखंडांसारख्या मुळ्या शाबूत असताना वर ओढणे म्हणजे सगळ्या मुळ्यांशी एकाच वेळी झुंजणे. त्यात एप्रिलचा सुका मुरूम. पहार मारली तर ठिणगी उडते, माती मुळीला सोडत नाही. बुडखा मुळ्या तोडल्याने निघतो. ओढणे हे शेवटचे आणि सगळ्यांत सोपे काम.

त्यानंतर मालकांनी, कुणीतरी सांगितले म्हणून, निलगिरीच्या बुडख्यांत भोके पाडून मोरचूद भरले आणि वरून डिझेल ओतले. हा सल्ला गावोगावी दिला जातो, म्हणून स्पष्ट लिहिलेले बरे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. लाकूड कुजू नये म्हणून जी द्रव्ये वापरतात, त्यांत तांबे हा मुख्य घटक असतो, कारण ते बुरशीला मारते. बुडखा कुजवायचा आणि त्यातच बुरशीनाशक भरायचे, असा हा उलटा उपाय. डिझेल आणि खडेमीठ यांनी माती मात्र नासते, आणि तिथे पुढे कलमे लावायची असतात. तणनाशकाचेही तसेच आहे. ते ताज्या कापावर, कापल्यापासून काही मिनिटांत, सालीलगतच्या ओल्या कडेवर लागले तरच मुळांपर्यंत जाते. महिन्यांपूर्वीच्या सुकलेल्या कापावर ते नुसते वाळते. शिवाय ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढलेली आहे.

बुडखा नव्हे, जागा पाहून निर्णय

मे महिन्यात घराचा नकाशा जमिनीवर दोरीने आखला आणि प्रत्येक बुडख्यापाशी उभे राहून एकच प्रश्न विचारला: इथे पुढे काय येणार? त्यावरून कामाची विभागणी झाली. चिंच घराच्या कोपऱ्यातल्या कॉलमखाली येत होती, म्हणजे ती समूळ काढणे भाग. दोन निलगिरी घराच्या मागच्या भिंतीपासून दहा फुटांच्या आत, त्याही काढायच्या. तिसरी निलगिरी हद्दीच्या बांधावर आणि तिच्याखालून शेजाऱ्यांच्या विहिरीची पाइपलाइन, म्हणून तिला उपटायचे नाही, जागेवरच मारायचे. उरलेल्या बारा सुबाभळी कलमांच्या पट्ट्यात. गुलमोहर कंपाउंडच्या भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर, घरापासून चाळीस फूट लांब.

घराखाली किंवा घराला लागून बुडखा ठेवू नये, याची कारणे दोन. लाकूड कुजले की पोकळी होते आणि वरचा भराव खचतो. आणि वाळवी. इमारतीतील वाळवीप्रतिबंधाचे भारतीय मानक, आयएस ६३१३, हेच सांगते की बांधकामाच्या जागेवरचे बुडखे, मुळ्या आणि लाकडाचे तुकडे आधी काढून टाकावेत. बुडख्यावर माती लोटून सपाट केलेला प्लॉट दिसायला छान दिसतो, पण त्यात वाळवीची शिदोरी पुरून ठेवलेली असते.

पावसाला कामाला लावणे

जूनच्या सुरुवातीला चिंचेभोवती चर खणला. सालीपासून फूटभर अंतर सोडून, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. चराचे तोंड चढाच्या बाजूला उघडे ठेवले, म्हणजे उतारावरून येणारे पावसाचे पाणी त्यात शिरेल. चार महिने ते पाणी मुरमात मुरत राहिले. भोवती बांबू रोवून बाभळीच्या काट्या लावल्या. ही गोष्ट टाळता येत नाही, कारण पाण्याने भरलेल्या चरात वासरू किंवा मूल पडायला वेळ लागत नाही.

बुडखे काढायचा खरा हंगाम म्हणजे पाऊस ओसरून जमिनीला वाफसा आल्यानंतरचा. दिवाळीच्या आसपास सुरू करून डिसेंबरपर्यंत. भर पावसात जेसीबी रुततो, चैत्र-वैशाखात जमीन लोखंड होते. काळ्या मातीत वाफसा यायला आणखी काही दिवस लागतात. मुठीत दाबलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला पाहिजे, चेपून बसता कामा नये.

चिंच

नोव्हेंबरमध्ये आधी चार माणसांचे एक दिवसाचे काम, मग यंत्र. हा क्रम महत्त्वाचा, कारण जेसीबीचे मीटर तासावर पळते आणि मुळ्या उघड्या नसताना ते फुकट पळते.

चरातला गाळ काढण्याआधी लांब काठीने बुडख्याखालच्या पोकळ्या ठोकून, हलवून पाहिल्या. जुन्या चिंचेच्या ढोलीत नाग किंवा घोणस असणे नवलाचे नाही. हात घालायचाच नाही. त्यानंतर चर चार फुटांपर्यंत खोल केला आणि मुळ्या धुतल्या. त्यासाठी बागेत फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप आणला, नोझल बारीक धारेवर ठेवले. पाच हजार लिटरच्या टँकरमधले निम्मे पाणी लागले. हा खर्च अनावश्यक वाटतो, पण चेनसॉला मातीइतके वावडे कशाचेच नसते. मातीने माखलेल्या मुळीवर नवी साखळी काही सेकंदांत बोथट होते. धुतल्यावर अकरा मुळ्या दिसल्या. त्यांतल्या चार मांडीएवढ्या, आणि चारही चढाच्या बाजूच्या.

मुळी एकाच जागी कापली तर फट मिटते, दोन्ही टोके एकमेकांना रेटून बसतात आणि बुडखा हलत नाही. म्हणून प्रत्येक मुळीला दोन काप: एक बुडख्यालगत, दुसरा चराच्या बाहेरच्या भिंतीलगत, आणि मधला दीड-दोन फुटांचा तुकडा काढून टाकायचा. अठरा इंची पट्टीचा चेनसॉ पुरला. चिंचेचे गाभ्याचे लाकूड काळपट जांभळे आणि विलक्षण कठीण असते. साखळीला दर दुसऱ्या मुळीनंतर कानस मारावी लागली. कधी मारायची ते भुशावरून कळते. धार असेल तर पोह्यांसारखे पापुद्रे पडतात, पिठासारखा भुस्सा पडू लागला की थांबायचे. तिथे जोर लावला तर पट्टी तापते आणि साखळी निसटते. पट्टीचे टोक मातीत किंवा मागच्या मुळीला टेकू द्यायचे नाही, कारण करवत उलटी उसळते ती तिथूनच. पाचर मारून बुडखा उभा फोडावा असे कुणालाही वाटेल. चिंचेचे धागे एकमेकांत विणलेले असतात, पाचर रुतून बसते, लाकूड फाटत नाही.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. उताराच्या बाजूला चराची भिंत फोडून तिरपी वाट केली, म्हणजे बुडखा उचलावा न लागता ओढून बाहेर येईल. मातीसकट त्याचे वजन दीड टनाच्या घरात होते आणि एवढे ओझे मागच्या बूमने लांबून उचलायला जाणे म्हणजे एप्रिलचीच पुनरावृत्ती. बकेटने बुडखा आधी चढाच्या बाजूने ढकलला, मग उलट, मग दोन्ही आडव्या दिशांनी. तिसऱ्या फेरीला तो डुलू लागला आणि खाली सोटमूळ दिसले, साधारण चार फुटांवर मुरमात शिरलेले. या क्षणी कुणीतरी करवत घेऊन खाली उतरू पाहतो. यंत्राने पेललेल्या बुडख्याखाली माणूस उतरवायचा नाही, कितीही ओंडके टेकूला लावले तरी नाही. आणखी वीस मिनिटे आळीपाळीने हलवल्यावर सोटमूळ पाच फुटांच्या खोलीवर तुटले. फांदीसारखे कडकन मोडले नाही, ओल्या दोरासारखे एकेक धागा सुटत फाटले.

ओढायला वायर रोप न घेता ८० ग्रेडची, १३ मिलिमीटर जाडीची साखळी घेतली. सरळ ओढीत तिची सुरक्षित क्षमता ५.३ टन. ती बुडख्याच्या उरलेल्या मुळी-खुंटांमागे अडकवली, मधोमध ओली गोणपाटे टाकली आणि साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणाला थांबू दिले नाही. सगळे मिळून साडेतीन तास. एप्रिलमध्ये पाच तासांत जे जमले नव्हते, ते.

हा बुडखा जाळू नये. चिंचेचे असे लाकूड उखळाला, लाकडी घाण्याला, खाटकाच्या ओंडक्याला वापरतात आणि त्याला गिऱ्हाईक असते. माती धुऊन, कापाच्या तोंडांना चुना किंवा मेण लावून सावलीत ठेवला तर तडे कमी जातात.

निलगिरी

मोरचूद आणि डिझेल पचवून तिन्ही बुडख्यांना डोक्याएवढे फुटवे आले होते. निलगिरीच्या तळाशी, सालीखाली सुप्त डोळे असतात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर ते फुटतात. कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावणारे याच गुणावर एका लागवडीतून पुन्हा पुन्हा तोड घेतात, तेव्हा तो सहजी मरेल ही अपेक्षाच चुकीची.

घरामागच्या दोघी चौदा-सोळा इंच व्यासाच्या. दोन फुटांवर चर, पाच ते सात मुळ्या, वर सांगितल्याप्रमाणे दुहेरी काप, मग जेसीबी. एकेकीला अर्ध्या तासाच्या आसपास लागले. एका ठिकाणी कापावर निळसर-काळा डाग दिसला आणि करवत वेळीच थांबवली. लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की असा डाग पडतो. आत कुंपणाची जुनी तार होती, झाडाने वाढता वाढता गिळलेली. कुंपणाजवळच्या प्रत्येक बुडख्यावर हा डाग आधी शोधावा.

बांधावरची तिसरी जागेवरच मारायची होती. भोवतीची माती एक फूट खोल काढली, बुडख्याची साल जमिनीखाली फूटभर पूर्ण वर्तुळात, पांढरे लाकूड दिसेपर्यंत तासली. वर २०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद, त्यावर माती. जो फुटवा निघेल तो वीतभर असतानाच मोडायचा. त्या वयात तो मुळांचेच अन्न खात असतो. हातभर वाढून पाने पसरली की तो उलट मुळांना अन्न पोचवू लागतो, आणि मग कापूनही झाड कमी होत नाही. दर पंधरा दिवसांनी चक्कर मारणे हाच या उपायाचा सगळा खर्च.

सुबाभूळ

बारा बुडख्यांना यंत्र लावले नाही. सुबाभूळ कापल्यावर जोमाने फुटते, पण फुटते ती बुंधा आणि मूळ जिथे जुळतात त्या गळ्यातून. खोल मुळ्यांतून सहसा नाही. तो गळा काढला की काम झाले. भोवती फूटभर खणून, बुडखा जमिनीखाली वीतभर कुऱ्हाडीने तोडून काढला. कुदळ, पहार आणि कुऱ्हाड, दोन माणसे, एका बुडख्याला साधारण पाऊण तास.

खरी डोकेदुखी बियांची. बियांचे कवच टणक असते, त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि जमीन उकरली की उगवतात. महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी सुबाभूळ आणली व पसरवली, आणि चारा म्हणून ती आजही मोलाची आहे. शेजारच्या शेळ्या पहिला हंगाम त्या पट्ट्यात सोडल्या, तो निर्णय चांगला ठरला. कलमे लावल्यावर मात्र शेळ्या बंद, आणि मग रोपे हातानेच.

गुलमोहर

इथे न काढण्याचा निर्णय झाला. गुलमोहराच्या मुळ्या उथळ आणि पसरट. तीन मुळ्या भिंतीच्या पायाखालून पलीकडे गेलेल्या होत्या. भिंतीचा पाया दोन फुटांचा दगडी. मुळी ओढली असती तर भिंत सोबत आली असती. जेसीबीला भिंतीपासून पाच फुटांच्या आत येऊ दिले नाही. बुडखा जमिनीखाली दीड फुटापर्यंत चेनसॉने थराथराने कापून काढला, भिंतीखालच्या मुळ्या भिंतीच्या अलीकडेच तोडल्या आणि उरलेले कुजायला सोडले.

कुजवायलाही थोडी मेहनत लागते. उरलेल्या लाकडात एक इंची बिटने आठ-दहा इंच खोल, एकमेकांपासून चार बोटांवर भोके पाडली. त्यांत शेण, गूळ आणि मूठभर युरिया घातलेली स्लरी ओतली, वर माती आणि पाचट. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, म्हणून माती ठोकून बसवायची नाही आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी. गुलमोहराचे लाकूड हलके असते, त्याला दोन पावसाळे पुरतात. चिंचेला हा उपाय करू नये, आयुष्य जाईल.

या बुडख्याच्या कडेला तांबूस, लाखेचे पॉलिश केल्यासारखी चकाकणारी अळंबी आली होती. ती गॅनोडर्मा. जिवंत झाडांच्या मुळांनाही कुजवणारी ही बुरशी आहे. म्हणून गुलमोहराचा भुस्सा आणि ढलप्या कलमांच्या आळ्यात आच्छादन म्हणून वापरल्या नाहीत, वेगळ्या जाळल्या. आंब्याचे एक बाय एक बाय एक मीटरचे खड्डेही जुन्या बुडख्यांच्या जागा टाळून घेतले. कुजणारी मुळे मातीतला नत्र ओढतात आणि कोवळ्या कलमाची वाढ तिथे अडते.

खड्डे

चिंचेचा खड्डा तोंडाशी नऊ फूट, मध्ये पाच फूट खोल, अंदाजे सव्वादोन ब्रासचा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). बाहेर काढलेली माती फुगते, म्हणून ती पुरून उरेल असे वाटते. बसल्यावर ती कमी पडते. एक ब्रास मुरूम वेगळा मागवावा लागला. आधी सगळ्या तुटक्या मुळ्या वेचल्या, मग सहा इंचांचा थर, पाणी, धुमस, पुन्हा थर. एका दमात खड्डा भरून वर रोलर फिरवला तर वरचा फूटभर घट्ट होतो आणि खालचा भुसभुशीतच राहतो.

कोपऱ्यातल्या कॉलमचे फूटिंग, म्हणजे त्याच्या तळाचा पाया, या भरावावर घ्यायला अभियंत्यांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. धुमस मारलेला भराव अंगणाला चालतो, फूटिंगला नाही. तो कॉलम खड्ड्याच्या तळाशी, न हललेल्या मुरमापर्यंत खाली नेला, तळाला साधे काँक्रीट टाकले आणि भराव त्याच्याभोवती केला. इतर फूटिंगांपेक्षा हे फूटिंग दीड फूट खोल गेले.

पुढच्या जूनमध्ये, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर पाहणी केली. निलगिरीच्या मोकळ्या खड्ड्यांची माती चार बोटे खाली बसली होती, तिथे मुरूम टाकला. बांधावरच्या निलगिरीने प्लास्टिकच्या कडेतून दोन फुटवे काढले होते, ते मोडले. कलमांच्या पट्ट्यात सुबाभळीची रोपे मेथीसारखी दाट उगवली होती. पेन्सिलीइतकी होण्याआधी, जमीन ओली असताना, ती मुळासकट हाताने निघतात. दोन माणसांनी एका सकाळी तो पट्टा साफ केला, आणि श्रावणात पुन्हा एकदा करावा लागला.